काडतुसाची सासू

दिवाळी अंकात माझ्या वयाच्या बायका चकली मऊ का पडते ते लिहितात. माझीही चकली मऊ पडते, पण का पडते ते मला आजवर कळलेलं नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस का अडकतं ते मात्र चांगलं कळतं, कारण उमेदीची बरीच वर्षं मी चिंचवडला एका बंदुकांच्या दुकानात वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं काम केलं. संपादकांना वाटलं, मी धाडसाचं वगैरे काहीतरी लिहीन. धाडस कुठलं आलंय? दिवसभर स्टुलावर बसून पितळ दाबायचं आणि संध्याकाळी पाठ धरून घरी जायचं. याला धाडस म्हणायचं तर आमच्या गल्लीतला पिठाच्या गिरणीवालाही शूरवीरच.

लढाईच्या दिवसांत पुण्याकडे दारूगोळ्याच्या कामावर बायकांनाही घेत, तशी मी लागले होते. लढाई संपली आणि आम्हा सगळ्याजणींना नारळ मिळाला. आमचे हे चिंचवड स्टेशनावर पॉइंट्समन होते, घर चालत होतं, पण घरी बसून मी सासूबाईंच्या आणि सासूबाई माझ्या डोक्यात जाऊ लागल्या. तेवढ्यात अण्णांना माणूस हवा असल्याचं कळलं. अण्णांकडे बंदुका विकायचा, दुरुस्त करायचा आणि काडतुसं भरायचा रीतसर परवाना होता. भरायला येणारा माणूस मात्र टिकत नव्हता, कारण अण्णा त्याला कामाच्या वेळी उपदेश करत. मला सासूबाईंमुळे उपदेशाची सवय होती, म्हणून मी टिकले.

अण्णांचं काय सांगू? डोक्यापासून पायापर्यंत खादी. दुकानात गल्ल्याशेजारी चरखा. सकाळी आल्यावर आधी सूत कातायचं, मग कपाट उघडून दुनळी बंदुका पुसायच्या. अंगावर बसलेला डास ते फुंकर घालून उडवत आणि मग समोरच्या गिऱ्हाइकाला समजावत की रानडुकराला अमुक नंबरचे छरे बरे पडतात. यात काही विसंगती आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इंदूबाई, मी हिंसा करत नाही, मी फक्त सोय करतो."

त्या काळात परदेशी मालावर सरकारने बंधनं घातली होती. नवी विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, आणि ज्यांच्याकडे परवान्याची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर होती ती सगळी मंडळी रिकामी पुंगळी चोळत आमच्या पायरीवर येऊ लागली. नमुने एकेक होते. पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, तिथले एक साहेब दर पंधरवड्याला आपली सहा काडतुसं घेऊन येत. भरायला नव्हे, चकाकी द्यायला. जेवायला आलेल्या पाहुण्यांना ते पिस्तूल दाखवत आणि काळवंडलेलं पितळ बरं दिसत नाही म्हणत. त्यांनी उभ्या जन्मात एक बार काढला असेल असं मला वाटत नाही. एक वरबाप आले, त्यांना वरातीसाठी बिनगोळीची, नुसत्या आवाजाची काडतुसं हवी होती. ती दिली. लग्नानंतर तक्रार घेऊन आले की मुलीकडचे लोक म्हणावे तसे दचकले नाहीत.

आता हे काम काय असतं ते सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. बार उडाला की टोपी जळते, दारू जळते, गोळी जाते आणि मागे उरते ती पुंगळी. ती तापून फुगलेली असते. ती फेकून न देता पुन्हा मापात आणायची, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालायची, की झालं काडतूस. मापात आणायला लागतात त्या डाय. डाय म्हणजे पोलादाचा जाड ठोकळा, मधून अचूक मापाचं भोक. तो प्रेसवर, म्हणजे दांड्याच्या दाबयंत्रावर, बसवायचा, खालून पुंगळी ठेवायची आणि दांडा ओढायचा.

पिस्तुलाच्या काडतुसाला अशा तीन डाय लागतात, आणि त्या तिघींना मी नावं ठेवली होती. पहिली सासू. ती आलेल्या पुंगळीला चहूबाजूंनी दाबून आपल्या घरच्या मापात बसवते. दुसरी आई. ती पुंगळीचं तोंड जरासं उघडते, म्हणजे गोळीला आत शिरायला जागा होते. तिसरा भटजी. तो गोळी आणि पुंगळीची गाठ घट्ट मारून देतो आणि मोकळा होतो. भटजी आणि आई कुठलीही असली तरी फारसं बिघडत नाही. सगळी मदार सासूवर. ती फार कडक असली तर पुंगळी चिरते, फार सैल असली तर गोळी आत नांदत नाही. हे नाव माझ्या सासूबाईंच्या कानावर कधी गेलं नाही हे त्यांचंही नशीब आणि माझंही.

आमच्याकडे रिव्हॉल्व्हरच्या एका मापाच्या दोन सासवा होत्या. एक विलायती, लाकडी पेटीत मखमलीवर झोपलेली. दुसरी देशी. ती बापू मिस्त्रीने केली होती. बापूची आमच्या दुकानामागे लेथ होती आणि त्याने लढाईच्या भंगारातल्या ट्रकच्या ॲक्सलचं पोलाद आणून, आठवडाभर कातून, घासून तीन डायचा सेट उभा केला होता. देशी डायमधून निघालेलं काडतूस मात्र विचित्र दिसे. गोळी जिथे संपते तिथे पुंगळी आत गेलेली, खाली पुन्हा सरळ. म्हणजे काडतुसाला कंबर यायची. अण्णांनी ते हातात धरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"बापू, हे काडतूस आहे की तमाशातली बाई?"

"अण्णा, दिसण्यावर काय हाय? जरा आवळून धरतीय एवढंच."

"काचेच्या कपाटात ठेवायची असतात ती. लोक काय म्हणतील?"

अण्णांचं स्वदेशीव्रत कपड्यांपुरतंच होतं. त्यांनी विलायती सासू पसंत केली आणि बापूचा सेट, दांडा वाकलेल्या जुन्या प्रेससकट, पोत्यात बांधून जिन्याखाली टाकला. बापू त्यानंतर महिनाभर अण्णांशी फक्त मानेने बोलत होता. डाय निवडताना माप घ्यावं, पुंगळीच्या पत्र्याची जाडी बघावी, दोन-चार नमुने भरून गोळी हलते का पाहावं. आम्ही त्यातलं काही केलं नाही. गोरी आणि नाकीडोळी नीटस बघून सून करतात, तशी आम्ही सासू केली.

आता सुभेदारांकडे येते. निघोज्याचे सुभेदार तावरे. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, उंच, मिशा चुन्यासारख्या पांढऱ्या. घरी कांद्याची शेती होती, ती मुलं बघत. सुभेदार चिंचवडच्या नेमबाजी मंडळात वस्ताद होते. मंडळात वकील, डॉक्टर, दोन-तीन व्यापारी आणि कॉलेजात जाणारी काही पोरं होती. त्या सगळ्यांना पिस्तूल कसं धरावं, कुठे रोखू नये, श्वास कधी सोडावा हे सुभेदार शिकवत. वकिलांना "हात वाकडा हाय तुमचा" म्हणून ओरडायची परवानगी तालुक्यात त्यांना एकट्यालाच होती. निघोज्याहून ते सायकलवर येत, इंद्रायणी ओलांडून, आणि आले की आधी आमच्या दुकानात भांडत आणि मग मंडळात जात.

भांडणाचं कारण एकच. आम्ही भरलेली काडतुसं त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडकत. दोन-तीन बार नीट उडत आणि मग सहा काडतुसं बसतात ते चक्र फिरायचंच थांबे.

"बाई, ही काडतुसं हायेत का पेरूच्या बिया? आडकत्यात सारखी."

"सुभेदार, तुम्ही तेल जास्त घालता."

"तेल? आवो, मी ही वस्तू तुमच्या जन्माच्या आधीपासून सांभाळतोय!"

माझी खात्री होती की दोष तेलाचा आहे. अण्णांची खात्री होती की दोष सुभेदारांच्या हाताचा आहे. मंडळातली नवी पोरं तर उघड म्हणू लागली होती की वस्तादांचा हात कापतो, नेम जातो, आणि काडतूस अडकलं ही म्हाताऱ्याची सबब आहे. त्यातल्या एका पोराचा नेम खरोखरच चांगला होता आणि त्याला वस्ताद करावं असं काहींच्या मनात होतं. मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब होते. त्यांना सुभेदारांवर जीव होता, पण सभासदांची कुरकुरही ऐकवेना. शेवटी त्यांनी वकिली तोडगा काढला. दसऱ्याला दुपारी मंडळाचा नेमबाजीचा कार्यक्रम असे. तिथे सुभेदारांनी सगळ्यांसमोर दोन फेऱ्या मारायच्या, बारा गोळ्या. चक्र अडकलं तर दोष काडतुसांचा, मग मंडळ आमच्याकडून काडतुसं घेणं बंद करणार आणि सुभेदार वस्ताद राहणार. चक्र न अडकता निम्म्या गोळ्याही मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या नाहीत, तर दोष सुभेदारांचा, आणि वस्ताद नवा येणार.

हे ऐकून अण्णा चरखा सोडून उठले. आमच्या भरणीच्या कामातलं निम्म्याहून अधिक मंडळाचं होतं. ते गेलं तर माझं स्टूल रिकामं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पुन्हा दिवसभर घरात, सासूबाई आणि मी.

पण खरं सांगू? माझ्यापेक्षा सुभेदारांचं जास्त लागणार होतं. एकदा भांडण संपल्यावर ते पायरीवर चहा घेत बसले होते, तेव्हा सहज म्हणाले, "घरी मला कुणी कायबी इचारत न्हाई, बाई. कांदा कवा काढायचा, चाकणला कवा न्यायचा, पोरं ठरीवत्यात. मी निस्ता जेवायला आसतो. हितं आलं की मानूस मला नमस्कार करून उभं ऱ्हातंय." मी कप विसळून ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. आमच्या दुकानात तो दिवस म्हणजे मोठा सोहळा असे, कारण अण्णांच्या मते दुकानातली प्रत्येक वस्तू हत्यार होती. बंदुका तर होत्याच. शिवाय प्रेस, डाय, कानस, हातोडी, पकड, सायकलीचा पंप, कुलपं, बापूची लेथ, माझं स्टूल. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं फूल. माझा चष्मा मी वेळेवर डोळ्यांवर चढवला म्हणून तेवढा वाचला. आणि एकदा पूजेला लावलं की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत त्या वस्तूला कामासाठी हात लावायचा नाही. हा नियम अण्णांच्या वडिलांपासूनचा. यात कुणाचंही चालत नसे, अगदी एकदा पोलीस पंचनाम्याला कानस हवी म्हणून आले होते त्यांचंही चाललं नव्हतं.

पूजा आटोपली, आम्ही गूळखोबरं खात होतो, आणि पायरीशी सायकल आपटल्याचा आवाज आला. सुभेदार. हातात पिशवी, पिशवीत रिकाम्या पुंगळ्या.

"अण्णा, उद्याची काडतुसं संपली."

"संपली म्हणजे? गेल्या आठवड्यात तर नेलीत!"

"सराव केला." मान खाली घालून म्हणाले. "जरा जास्तच झाला."

बिचाऱ्यांनी परीक्षेच्या भीतीने परीक्षेची काडतुसंच उडवून टाकली होती. अण्णांनी झेंडूखाली झाकलेल्या प्रेसकडे हात दाखवला. सुभेदार ते पाहून पायरीवर बसले. फौजी माणूस, पूजेला लावलेलं हत्यार उचला असं त्यांच्या तोंडून आलं नसतं. अण्णांच्याही तोंडून आलं नसतं. दोघे आपापल्या जागी बसून देवावर सोपवल्यासारखे फुलांकडे बघत राहिले. मला तर दोघांचाही राग आला.

तोडगा काढला तो बापूने. जिन्याकडे बघत, कुणाशीच बोलत नसल्यासारखा म्हणाला, "पोत्यातल्या मालाची पूजा कुणी केल्याली न्हाई."

खरंच होतं. अण्णांनी कुलपाची पूजा केली होती, पंपाची केली होती, पण टाकून दिलेल्या देशी सासूला कुंकवाचं बोटही लागलं नव्हतं. अण्णा विचारात पडले. शास्त्रार्थ सुरू झाला.

"पण ते हत्यारच ना?"

"तुमीच भंगार म्हनला व्हता," बापू म्हणाला. "हत्यार आसतं तर पूजा झाली आसती. पूजा न्हाई म्हंजी भंगार. भंगाराला कसला आलाय इसावा?"

"आणि दारू तोलायचा तराजू?" मी विचारलं.

"तराजू व्यापाऱ्याचा," अण्णा हळूच म्हणाले. "त्याची पूजा लक्ष्मीपूजनाला. तो आज मोकळा आहे." मंडळाचं काम जाईल या भीतीने अण्णांची बुद्धी त्या दिवशी फार चांगली चालत होती.

पोतं उघडलं. बापूने वाकडा दांडा कसाबसा सरळ केला, डाय रॉकेलने धुऊन पुसल्या, आणि स्टूल पूजेत असल्यामुळे मी उंबऱ्यावर बसून कामाला लागले. पहिली पुंगळी दाबली आणि हाताला फरक कळला. विलायती डायमध्ये सुभेदारांची पुंगळी लोण्यासारखी जात असे. मी आजवर त्याला डायचा चांगुलपणा समजत होते. ही देशी बया पुंगळीला सहज आत घेईना. दांड्यावर दोन्ही हातांनी भार द्यावा लागला. गोळी बसवली, भटजीने गाठ मारली, काडतूस बाहेर काढलं. तीच कंबर, तमाशातल्या बाईची.

मी ते काडतूस उलटं धरून गोळीचं टोक दगडी उंबऱ्यावर दाबलं. अंगठ्याने जोर लावला. गोळी हलेना. मग कपाटातून आमचं जुनं, देखणं, विलायती डायमधून निघालेलं एक काडतूस काढलं, तेही सुभेदारांच्याच पुंगळीचं, आणि तसंच दाबलं. गोळी गपकन आत सरकली, सैल बांगडी मनगटात फिरावी तशी.

"हे बघा," मी ओरडलेच. "अण्णा, हे बघा!"

सुभेदारांच्या पुंगळ्या होत्या फार जुन्या, पातळ पत्र्याच्या. विलायती डाय जाड पत्र्याच्या पुंगळीसाठी केलेली. म्हणजे तिने दाबून दाबून किती दाबलं तरी पातळ पुंगळी आतून सैलच राहायची. चक्रात सहा काडतुसं. पहिला बार उडाला की झटका बसतो, आणि त्या झटक्याने उरलेल्या पाचांतल्या गोळ्या केसभर पुढे सरकतात. दुसरा बार, अजून केसभर. तिसऱ्या-चौथ्याला एखादीचं टोक चक्राच्या बाहेर येतं आणि पुढच्या पोलादाला अडतं. चक्र बंद. तेल नव्हतं, हात नव्हता. आम्ही गोरी सासू केली होती आणि ती या घरची नव्हती.

बापूने गूळखोबऱ्याची वाटी जवळ ओढली आणि सगळी संपवली.

मी उरलेली काडतुसं भरली, प्रत्येकाची गोळी उंबऱ्यावर दाबून पाहिली. एकही हलली नाही. मला इतका आनंद झाला होता की मी सुभेदारांच्या हातात पिशवी देताना नाचायचीच बाकी होते.

"सुभेदार, आता अडकायचं नाव नाही. उद्या खुशाल मारा!"

मला वाटलं होतं, ते मिशांवरून हात फिरवतील, पोरांना दोन शिव्या हासडतील. ते नुसते म्हणाले, "झ्याक." मग पिशवीचं तोंड बांधत बसले, बराच वेळ. मला जरा लागलंच ते. एवढा खटाटोप केला आणि माणूस धड हसतही नाही. सायकलवर टांग टाकताना म्हणाले, "तुमीबी या उद्या. बघायला." मी म्हटलं, येते की.

दसऱ्याच्या दुपारी माळावर मंडळाची सगळी माणसं जमली होती. वकीलसाहेबांनी फेटा बांधला होता. अण्णा चप्पल काढून एका बाजूला उभे, म्हणजे बार उडाले तरी आपण त्यात नाही असं वाटावं. मी बापूच्या शेजारी. सुभेदारांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, छातीवर पदकं. त्यांनी चक्र उघडलं, कंबरेची काडतुसं एकेक करून आत सोडली, आणि उभे राहिले. त्यांचं उभं राहणं बघण्यासारखं असे.

पहिला बार. चक्र फिरलं. दुसरा. फिरलं. तिसऱ्याला मी बापूचं मनगट पकडलं. चौथा, पाचवा, सहावा. लोण्यासारखं. मी आनंदाने उसळत होते, आणि माझं लक्ष फक्त चक्राकडे होतं. लक्ष्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत सुभेदार मध्येच थांबले, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि पुन्हा रोखलं. उरलेले बारही बिनचूक उडाले. बाराच्या बारा.

मग पोरं लक्ष्याचा कागद घेऊन आली, आणि माझा आनंद ओसरला. काळ्या वर्तुळात चार भोकं होती. बाकीची कुठेकुठे, दोन तर कागदाच्या पार कडेला. कुणी हसलं नाही. ती नवी पोरंसुद्धा पायाखालच्या गवताकडे बघू लागली. मला तेव्हा कळलं की इतके दिवस सुभेदारांचं चक्र अडकत होतं तेही खरं होतं, आणि पोरं म्हणत होती तेही खरं होतं. आणि पिशवी बांधताना ते का हसले नाहीत, तेही कळलं.

वकीलसाहेबांनी कागद हातात धरला, घसा साफ केला. भला माणूस. त्यांनी सुभेदारांपुढे वाट मोकळी करून ठेवली. "सुभेदार, तुम्ही मध्ये एकदा थांबलात. काडतूस अडकलं होतं का?"

सगळं माळरान मनातून 'हो म्हणा' म्हणत होतं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. सुभेदारांनी नुसती होकाराची मान डोलावली असती तर ते वस्ताद राहिले असते, आणि मी घरी बसले असते. मला ते दोन्ही दिसत होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "अडकलं असेल, साहेब. जुन्या प्रेसवर भरलीत मी. एखादं ढिलं राहिलं असेल."

सुभेदार गर्रकन वळले. इतकी वर्षं दुकानात भांडायचे, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाई, गप ऱ्हावा! सवताच्या कामाला सवता खोटं पाडू नगा!"

मग वकीलसाहेबांकडे वळून, फौजेत हजेरी देतात तसं, मोठ्याने म्हणाले, "न्हाई साहेब. एकबी आडकलं न्हाई. डोळं पुसाया थांबलो व्हतो, हल्ली अंधुक दिसतंय. काडतुसं ह्यांच्याकडनंच घ्या. वस्ताद दुसरा बघा."

त्यांनी चक्र उघडून पुंगळ्या हातात ओतल्या, रिव्हॉल्व्हर पुसून पट्ट्यात ठेवलं. ज्या पोराला त्यांची जागा मिळणार होती त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या कोपराला धरून सांगितलं, "हात वाकडा हाय तुझा. त्यो आधी सरळ कर." पोराने वाकून पायाला हात लावला. सुभेदारांनी सायकल घेतली आणि सोनं लुटायला न थांबता निघाले. इंद्रायणीकडच्या रस्त्यावर त्यांची पांढरी टोपी बराच वेळ दिसत होती. मी बापूचं मनगट अजून धरूनच होते, ते त्याने हळूच सोडवून घेतलं.

मंडळाचं काम वाढलं. अण्णांनी पेढे वाटले आणि बापूच्या डाय विलायती पेटीतल्या मखमलीवर ठेवल्या. पुढे मी बरीच वर्षं काडतुसं भरली. लोकांनी तारीफ केली, एक-दोघांनी तर लांबून येऊन केली. पण मी भरलेल्या बारा काडतुसांसाठी एका माणसाने आपलं सगळं सोडून दिलं, तशी तारीफ पुन्हा कुणाकडून झाली नाही. सुभेदार त्यानंतर दुकानात कधी भांडायला आले नाहीत. काम चोख झालं याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. तरीही मनापासून सांगते, त्या दुपारी त्यातलं एक तरी काडतूस अडकायला हवं होतं.